जातं दळणारी बाई: घरच्या गणपतीला हलता देखावा, आर्डुइनो लावून

आषाढ लागला की मला कोणी ना कोणी विचारतंच, की तुमच्या घरच्या गणपतीपुढची ती बाई दळता दळता थांबून माणसाकडे बघते ते कसं केलंय. फोनवर सांगायला गेलं की अर्धा तास जातो आणि समोरचा शेवटी म्हणतो, लिहूनच द्या ना. तर हे घ्या. मी इंजिनियर नाही हे आधीच सांगतो, मी डिस्प्लेचं आणि फलकांचं काम करणारा माणूस, वायरीचं काम भाच्याकडून शिकलो आणि चुका करून करून शिकलो, त्यामुळे यात जे काही आहे ते चित्रकला येणाऱ्या पण सोल्डरिंग गन बघून घाबरणाऱ्या माणसासाठी आहे. आणि ते आर्डुइनो नावाचं निळं बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम भरून मोटर-लाईट चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बघून दचकू नका, ते २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात डिझाईनच्या विद्यार्थ्यांसाठीच बनवलेलं आहे, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही पण वस्तू हलवायची, पेटवायची आहे अशांसाठी. नावसुद्धा तिथल्या एका बारवरून ठेवलंय. म्हणजे ते मुळात आपल्या जातीचंच खेळणं आहे.

एकच गोष्ट आधी ठरवून टाका, की देखाव्यात एकच हालचाल ठेवायची आणि ती नीट करायची. दहा बाहुल्या, सगळ्यांचे हात वरखाली, मागे चक्र फिरतंय, रंगीत लाईट उड्या मारतायत, याच्याकडे लोक तीन सेकंद बघतात आणि प्रसाद घेऊन निघतात. एकच बाई दळत बसलीय, तुम्ही जवळ गेलात, ती थांबली, तिनं मान वर केली, तुमच्याकडे बघितलं, परत दळायला लागली, इथे लहान पोरं हलत नाहीत हो समोरून. खरं काम त्या थांबण्यात आहे, मोटर फिरवणं कोणालाही जमतं.

जातं का, तर जातं हेच मुळात एक यंत्र आहे. इंजिनियरिंगच्या पोरांना फोर बार लिंकेज शिकवतात ना, एक दांडी गोल फिरते, दुसरी तिला ओढते-ढकलते, तिसरी नुसती झुलते आणि चौथी म्हणजे जमीन, ते सगळं या बाईत आयतं आहे. खुंटा, म्हणजे जात्याचा उभा दांडा, गोल फिरतो, हात ओढला-ढकलला जातो, कमरेपासून वरचं अंग पुढेमागे झुलतं. म्हणजे दळायला मोटर एकच, जात्याच्या खाली लपवलेली, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई जातं फिरवतेय, खरं तर जातं बाईला फिरवतंय.

आधी बघून घ्या

कोणाकडे जातं असेल आणि ते चालवणारी आजी असेल तर तिला दळायला बसवा आणि मोबाईलवर बाजूनं दोन मिनिटं शूट करा. जातं नसेल तर गावाकडच्या कोणालातरी पाठवायला सांगा, पण नेटवरच्या कुठल्यातरी चित्रावरून करू नका. मी पहिल्या वर्षी असाच कल्पनेनं केला आणि बाईचे दोन्ही हात खुंट्यावर ठेवले, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, मग वैरण कोण घालतंय रे? एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात, ही खरी पद्धत. आणि यात यंत्राचापण फायदा निघाला, कारण दोन्ही हात ताठ धरून खुंट्याला जोडले की ते एकमेकांशी भांडतात आणि सगळं अडकतं, एकच हात ताठ आणि दुसरा मोकळा ठेवला की काही त्रास नाही. आजींना मशिनमधलं काही कळत नव्हतं, पण दुरुस्ती त्यांनीच सांगितली.

व्हिडिओत तीन गोष्टी बघायच्या. मिनिटाला किती फेरे पडतात, अंग पुढे किती वाकतं, आणि कोणी हाक मारली की आधी काय थांबतं. ही तिसरी फार महत्त्वाची. मी बघितलं तेव्हा आजींनी हाक ऐकल्यावर तोंडातली ओवीची ओळ पूर्ण केली, मग हात मंदावला, मग थांबला, आणि सगळ्यात शेवटी मान वर आली. हा क्रम मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता, पुढचं सगळं प्रोग्रॅमिंग म्हणजे तेवढा कागद.

बाहुली आणि मापं

थर्माकोल नको, २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसंही त्यावर स्क्रू धरत नाही. डोकं आणि हात कागदाच्या लगद्याचे करा. पेपर रात्रभर भिजत घालायचे, मिक्सरच्या जुन्या भांड्यातून काढायचे (घरात विचारून), पिळून त्यात फेविकॉल, खडूची पावडर आणि थोडी मेथीची पूड घालायची. मेथी आपल्याकडे लगद्याच्या टोपल्यांमध्ये पूर्वीपासून घालतात, कीड लागत नाही. फुग्यावर थर द्या म्हणजे डोकं आतून पोकळ राहील, पोकळ पाहिजेच कारण त्याला उचलणारी मोटर जेमतेम नऊ ग्रॅमची आहे. पावसाळ्यात हे वाळायला आठ-दहा दिवस सहज लागतात, पंख्याखाली ठेवलं तरी. म्हणून बाहुली सगळ्यात आधी, वायरी नंतर.

सांगाडा अर्धा इंची पीव्हीसी पाईपचा. कमरेला साधी दाराची बिजागरी, पाईपला आणि खालच्या प्लायला स्क्रूनं बसवलेली. माझी मापं देतो, यावरून तुम्ही लहानमोठं करा: कमरेपासून खांद्यापर्यंत २० सेंटिमीटर, कमरेपासून जात्याच्या मध्यापर्यंत आडवं अंतर १८ सेंटिमीटर, खुंट्याचं टोक कमरेच्या बिजागरीपेक्षा ६ सेंटिमीटर वर, आणि जात्याच्या मध्यापासून खुंटा ४ सेंटिमीटर अंतरावर. हात २० सेंटिमीटरच्या आसपास. या मापांत खुंटा जवळ आला की बाई सरळ बसते आणि लांब गेला की साधारण वीस अंश पुढे वाकते, व्हिडिओशी ताडून बघितलं तर बरोबर वाटतं. हात एक सेंटिमीटरनं लांब केला तर बाई प्रत्येक फेऱ्याला चार अंशभर मागे रेलते आणि पुढे थोडी कमी जाते, मला हे जास्त आवडलं, त्यात जोर लावल्याचा भास येतो. खुंटा ४ च्या जागी ६ वर नेला की बाई दळत नाही, व्यायाम करते.

हे सगळं आधी पुठ्ठ्यावर करा. बाजूनं दिसणारं चित्र काढायचं, अंग आणि हात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे, सांध्यांना टाचण्या, आणि खुंटा हातानं पुढेमागे सरकवून बघायचा. अर्ध्या तासाचं काम आहे पण त्यात जे कळतं ते नंतर ड्रिल मारल्यावर कळून उपयोग नसतो.

हातासाठी सायकलची स्पोक घ्या, दोन्ही टोकांना पक्कडीनं गोल वळवा. खांद्याला आणि खुंट्याला हा गोल सैल पाहिजे, अगदी खुळखुळता, कारण खुंटा आडवा फिरतो आणि अंग उभ्यात झुलतं, त्यामुळे सांध्याला सगळ्या बाजूंनी वळायला जागा लागते. स्पोकवर कापूस-कापड गुंडाळून वर लगद्याचा पंजा आणि बांगड्या. नट मात्र साधे लावू नका, नायलॉक नट लावा, ज्यात आत नायलॉनची कडी असते. हिशोब सांगतो: मिनिटाला २५ फेरे, रोज पाच तास, दहा दिवस, म्हणजे पंच्याहत्तर हजार फेरे होतात, साधा नट दुसऱ्या दिवशी रात्री आरतीच्या ताटात पडतो (पडलेला आहे).

अजून एक. अंग पुढे वाकताना वजनानं आपोआप पडतं आणि मागे येताना मोटरला ओढावं लागतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ठक्क असा धक्का बसतो आणि बाई उचकी लागल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणजे पाठीमागून पाईपला एक हलकी स्प्रिंग किंवा दोन रबरबँड लावून खालच्या प्लायला अडकवायचे, इतकेच ताणायचे की अंग सोडलं तर हळूच मागे येईल. मला हे सुचायला चार दिवस लागले, भाच्याला चार मिनिटं.

लुगड्याला जुनं धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या, कमरेपाशी चिकटवू नका, टाके घाला आणि भरपूर ढिलं सोडा. पदर मात्र पक्का शिवा. सैल पदर खुंट्याभोवती गुंडाळला की द्रौपदी वस्त्रहरणाचा देखावा होतो.

मोटर, वायरी, पाॅवर

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकीच्यांना ऑनलाईन. घ्यायचं काय ते सांगतो: आर्डुइनो युनो किंवा त्याची कॉपी, ३० आरपीएमची १२ व्होल्टवाली गियर मोटर (दुकानात जॉन्सन मोटर म्हणा, लगेच देतात), आर्डुइनोच्या हुकमावर मोटरला करंट देणारं एल२९८एन नावाचं लाल ड्रायव्हर मोड्यूल, मानेसाठी एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर), अंतर मोजायला एचसी-एसआर०४ म्हणजे ते दोन डोळेवालं अल्ट्रासॉनिक सेन्सर, आवाजासाठी डीएफप्लेयर मिनी (मेमरी कार्डातली गाणी वाजवणारं) आणि तीन वॅटचा छोटा स्पीकर, १२ व्होल्ट पाच अँपियरचा एसएमपीएस (घरच्या लाईटवरून १२ व्होल्ट देणारा डबा), आणि १२ चे ५ व्होल्ट करणारं बक कन्व्हर्टर. मला सगळं मिळून दोन-अडीच हजारात बसलं, लुगडं घरचं.

मोटर ३० आरपीएमचीच घ्या. जास्त स्पीडची घेऊन प्रोग्रॅममधून हळू करू असं वाटतं, पण तसं केलं की मोटर किणकिण गाते आणि जोरही जातो. एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातं, इंजिनियर लोक त्याला नावं ठेवतात, पण आपल्याला ते पथ्यावर पडतं, ३० ची मोटर आपोआप २५ च्या आसपास फिरते आणि जात्याला तेवढाच वेग शोभतो. मोटर प्लायला डायरेक्ट आवळू नका, मध्ये जुन्या स्लिपरचा तुकडा घाला, नाहीतर प्लाय ढोलासारखा वाजतो आणि ओवी ऐकूच येत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते. सर्वोला आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून पाॅवर द्यायची नाही. नाहीच. टेबलावर चालतं, म्हणून फसायला होतं. एसजी९० एवढासा असला तरी डोकं उचलताना अडला की अर्ध्या अँपियरच्या वर खेचतो, बोर्डाचा व्होल्टेज खाली बसतो आणि आर्डुइनो रिसेट होतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी बाई मान वर करायची, त्याच क्षणी सगळं बंद पडून पहिल्यापासून सुरू व्हायचं, ओवीसकट. पाहुण्यांना वाटलं मुद्दामच केलंय, एकजण म्हणाले बाई लाजली वाटतं. मी हो म्हणालो. तर सर्वोची लाल वायर बक कन्व्हर्टरवर, आणि कन्व्हर्टर जोडण्याआधी मल्टीमीटर लावून बरोबर ५ वर आणा, नवीन आलेला असतो तेव्हा तो किती देईल याचा भरोसा नाही. आणि सगळ्यांचा ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह, एकत्र, आर्डुइनो, ड्रायव्हर, कन्व्हर्टर, सगळे. ग्राउंड वेगळे राहिले की सर्वो थरथरतो आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

दुसरा खड्डा पिनांचा. युनोवर सर्वोची लायब्ररी (सर्वो चालवायचा तयार प्रोग्रॅम) वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं, म्हणजे तिथे मोटरचा वेग कमीजास्त होत नाही, नुसती चालू नाहीतर बंद. ड्रायव्हरची इनेबल वायर, म्हणजे वेग ठरवणारी, ५ किंवा ६ वर घ्या. हे मी एक अख्खा रविवार घालवून शिकलोय.

मानेकडे जाणाऱ्या तीन वायरी कमरेपाशी प्रत्येक फेऱ्याला वाकतात, आठवतंय ना, पंच्याहत्तर हजार वेळा. तिथे कडक तारेची वायर आतून तुटते आणि बाहेरून दिसत नाही. बारीक बारीक तारांची मऊ वायर वापरा, कमरेपाशी एक ढिला वेटोळा ठेवा, आणि ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या खोचायची भोकांची पट्टी) सगळं जमलं की झिरो पीसीबीवर (सोल्डर करायची भोकांची कोरी पाटी) सोल्डर करून घ्या. ब्रेडबोर्ड देखाव्यात ठेवू नका, मखराला कोणाचा धक्का लागला की वायर निसटतेच.

समोर कोण आलंय ते कळायचं कसं

अल्ट्रासॉनिक सेन्सर वटवाघळासारखं काम करतो, ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो, त्याला ५८ नं भागलं की सेंटिमीटर मिळतात. मी १०० सेंटिमीटर धरलंय, त्याच्या आत कोणी आलं की बाईला कळतं. पण परत जाण्याची हद्द १३० ठेवा, दोन्ही एकच ठेवल्या तर माणूस बरोबर सीमेवर उभा राहिला की बाई वेड्यासारखी मान वरखाली करते.

यात एक गंमत आहे जी डेटाशीटमध्ये गणपतीच्या संदर्भात लिहिलेली नसते: घोळदार मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. जीन्स-शर्टवाला पोरगा लगेच कळायचा आणि नऊवारी नेसून आलेली मावशी समोर उभी राहिली तरी बाई खुशाल दळत बसायची. मावशीला राग आला. एका वाचनावर विश्वास ठेवू नका, पाच वाचनं घ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधलं धरा, आणि सेन्सर छातीच्या उंचीवर सरळ समोर बघेल असा मखराच्या खांबात बसवा. तरी जमलं नाही तर व्हीएल५३एल०एक्स म्हणून छोटं लेसरचं सेन्सर मिळतं, आवाजाऐवजी न दिसणारा प्रकाश सोडतं, दोनेक मीटरपर्यंत कापडावर बरं चालतं. पीआयआर, म्हणजे जिन्यातल्या लाईटला असतं ते, ते नको, माणूस स्तब्ध उभा राहिला की त्याच्यासाठी माणूस नाहीसाच होतो, आणि आपल्याला तर माणूस स्तब्धच करायचाय.

आवाज

ओवी नेटवरून उचलू नका. जात्यावरच्या ओव्यांचं केवढं मोठं काम आपल्याकडे झालंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात बर्नार्ड बेल हा कॉम्प्युटर आणि संगीत दोन्ही जाणणारा माणूस होता, म्हणून ते सगळं नीट नोंदवलं गेलं. ऐका जरूर, पण त्या गाणाऱ्या बायकांची नावं आहेत, गावं आहेत, तो आवाज काढून आपल्या बाहुलीच्या तोंडी घालणं मला बरं वाटत नाही. आपल्या घरातली आजी, मावशी, शेजारीण, कोणालातरी चार ओळी येतातच. दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून, मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुकरची शिट्टी आली तर परत. आमच्या एका ओळीत मागे भांडं पडल्याचा आवाज आहे, तो मी ठेवलाय.

आता युक्ती. अख्खं गाणं एक फाईल करू नका, प्रत्येक ओळीची वेगळी फाईल करा, ०००१, ०००२ असे नंबर देऊन मेमरी कार्डात एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये टाका (फाईल आणि फोल्डरची नावं इंग्रजीत टाईप करायची, एवढंच). डीएफप्लेयरला बिझी नावाची एक पिन असते, फाईल चालू असेपर्यंत ती शून्यावर असते आणि संपली की वर जाते. माणूस समोर आला की लगेच आवाज तोडायचा नाही, बिझी पिन वर जाण्याची वाट बघायची. म्हणजे बाई ओळ पूर्ण करते आणि मग थांबते. भिंतीवरच्या कागदावर पहिली ओळ तीच होती ना. एवढ्या एका पिननं जो फरक पडतो तो हजार एलईडींनी पडत नाही. डीएफप्लेयरच्या आरएक्स वायरीत (आर्डुइनोचे हुकूम घेणारी) एक हजार ओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर स्पीकरमधून सतत घरघर येते.

मान वर करणं

सर्वोला डायरेक्ट सांगितलं की चाळीस अंशावर जा, तर तो जातो, पण डास चावल्यासारखा. बाहुली एकदम बाहुली दिसते. इथे थोडं गणित लागतं, घाबरू नका, शाळेतलंच आहे. मान खालून वर यायला मी १.८ सेकंद ठेवलेत आणि दर वीस मिलिसेकंदाला नवीन कोन देतो, पण सारखे भाग न करता कोसाईनच्या वळणावर: सुरुवातीला अगदी थोडं, मध्ये जास्त, शेवटी परत थोडं. सूत्र असं की किती वेळ झाला ते एकूण वेळाच्या हिश्शात काढा, त्याला पायनं (भूमितीतला, ३.१४) गुणा, कोसाईन घ्या, एकातून वजा करा, अर्धं करा, मग एकूण कोनानं गुणा. झालं. झोपाळा कसा टोकाला जाऊन रेंगाळतो तसं. मोटर थांबवायलाही हेच वळण, दीड सेकंदात वेग शून्यावर.

पण एवढंच केलं तर ती लिफ्टसारखी वाटते. मी काय केलं, मान तीन चतुर्थांश वर आली की पाव सेकंद अडवतो, मग उरलेली वर. जणू आधी पाय दिसले, मग चेहऱ्याकडे बघितलं. आणि खाली जाताना सरळ जाते पण थोडी लवकर, १.२ सेकंदात, कामाकडे परत जाणारा माणूस रेंगाळत नाही. हे आकडे मी चाळीस-पन्नास वेळा बदललेत, रात्री लाईट बंद करून समोर स्टुलावर बसून, आणि हेच या सगळ्यातलं चित्रकाराचं काम, बाकी वायरी भाचापण जोडतो.

प्रोग्रॅममध्ये डिले वापरू नका, डिले म्हणजे आर्डुइनो डोळे मिटून उभा राहतो, तेवढ्यात सेन्सर कोण वाचणार. मिलिस वापरा, म्हणजे घड्याळ बघत बघत सगळी कामं थोडी थोडी. आणि डीएफप्लेयरला हुकूम द्यायचा असेल तो मान हलायच्या आधी किंवा नंतर द्या, साध्या पिनांवरून सिरियल पाठवताना सर्वोचा सिग्नल हुकतो आणि मानेला गचका बसतो.

बघून किती वेळ राहायचं? मी चार सेकंद ठेवलंय, आणि एकदा बघितलं की पुढचे वीस सेकंद कोणी आलं तरी दुर्लक्ष. हे नसेल तर आरतीला सगळं घर समोर उभं राहतं आणि बाई पंधरा मिनिटं एकटक बघत बसते, भीती वाटते हो. माझ्या बहिणीनं पहिल्या आरतीनंतर तिच्यावर रुमाल टाकला होता.

भाचा नसेल तर

ओळखीतला कुठलाही इंजिनियरिंगचा पोरगा-पोरगी पकडा, पण त्याला बाहुली तयार झाल्यावर बोलावू नका, पुठ्ठ्याच्या मॉडेलपासून बसवा. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये बेल लॅब्ज या टेलिफोनवाल्या संशोधन संस्थेच्या तीसेक इंजिनियरांनी आणि दहा कलाकारांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग केले होते, बिली क्लूव्हर नावाचा इंजिनियर आणि रॉबर्ट राऊशेनबर्ग हा चित्रकार पुढे होते, आणि त्यातूनच पुढे कलाकार-इंजिनियरांच्या जोड्या लावून देणारी संस्था उभी राहिली. जोडी म्हणजे दोघंही पहिल्या दिवसापासून, आयत्या वेळी दुरुस्तीला बोलावलेला मेकॅनिक नव्हे. त्याला काय पाहिजे ते सांगताना मॉड्यूलची नावं सांगू नका, तो व्हिडिओ दाखवा आणि म्हणा असं थांबायला पाहिजे.

याच क्लूव्हरनं १९६० मध्ये टिंगली या स्विस शिल्पकाराच्या एका यंत्राला मदत केली होती, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या बागेत ते यंत्र स्वतःलाच मोडून टाकणार होतं, मध्येच आग लागली आणि फायरब्रिगेडच्या माणसाला विझवावी लागली. आपल्याकडे बागेऐवजी मखर, कापड, कागद आणि शेजारी समई. त्यामुळे एसएमपीएसचे उघडे स्क्रू झाकणात बंद, अर्थिंग जोडलेलं, सगळं मखराच्या बाहेर मागच्या बाजूला, बारा व्होल्टची फक्त एक वायर आत. समई आणि लुगडं यात हातभर अंतर. रात्री झोपताना मेन बटण बंद, गणपतीपुढचा दिवा वेगळ्या लाईनवर ठेवा म्हणजे दोन्ही एकदम जाणार नाहीत. लाईटचं जास्त काही सांगत नाही, दळण पहाटेचं, म्हणून कोपऱ्यात एक पिवळा मंद एलईडी, बास.

मंडळासाठी माणसाएवढी बाई करायची असेल तर जॉन्सन मोटर पुरणार नाही, गाडीची वायपर मोटर लागते, मंडळं वर्षानुवर्षं तीच वापरतात, जुन्या बाजारात नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत मिळते. ती बराच जास्त करंट खाते, एल२९८एन जळून जाईल, तिथे बीटीएस७९६० हा मोठा ड्रायव्हर लावा, आणि बऱ्याच वायपर मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते हे लक्षात ठेवून लोखंडी फ्रेमला लावा. माणसाएवढ्या बाईला गर्दी आवरायला कठडापण लागतो, तिच्या हातात जोर असतो.

प्रतिष्ठापनेच्या आधी निदान दोन रात्री सलग सहा-सहा तास चालवून बघा. जे सुटायचंय ते तेव्हाच सुटतं. माझा खुंटा सुटला होता, खुंट्याचा बोल्ट वरच्या फिरत्या तळीच्या लाकडात नुसता आवळलेला, त्याला आरपार भोक पाडून खालून वॉशर आणि नायलॉक लावल्यावर गप्प बसला.

एवढं सगळं करून गेल्या वर्षी त्या शेजारच्या आजी आल्या, वैरणवाल्या. बाईनं मान वर केली, त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, सकाळपासून दळतेय, पीठ कुठंय? दुसऱ्या दिवशी जात्याभोवती ज्वारीचं पीठ टाकलं, रात्रीत मुंग्या आल्या. मग पीठ काढून पांढरी रांगोळी बारीक चाळून टाकली, तर ती शाफ्टमधून खाली जाऊन मोटर करकरायला लागली. शेवटी वरच्या तळीच्या खाली शाफ्टभोवती जाड लोकरीच्या कापडाची चकती कापून बसवली, आणि रांगोळी चकतीच्या बाहेर दोन बोटं सोडून टाकली. ही चकती मोटर बसवतानाच घाला, नंतर अख्खं जातं उचकटावं लागतं.